ग्राहकाने स्वतः मिसळलेला सुगंध: दुकान मांडण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकला कॉलेज रोडलगत अडीचशे चौरस फुटांचा गाळा मिळतो आहे, तिथे 60 सुगंधी तेले मांडून ग्राहकाला थेंब मोजत स्वतःचा परफ्यूम बनवू द्यायचा आणि अर्ध्या तासात कुपी त्याच्या हाती द्यायची, असा बेत आहे, तेले कोणती ठेवावीत, परवाने कोणते लागतील आणि दर काय लावावा. मी बारा वर्षे एका सुगंध-कारखान्यात मिश्रणाच्या टेबलावर काढली आणि त्यानंतरची अकरा वर्षे पुण्यात असेच एक छोटे दुकान चालवतो आहे, त्यामुळे उत्तर अनुभवाचे आहे. त्यात माझ्या चुकांचा वाटा मोठा आहे.

बेत चांगला आहे. मात्र 60 तेले आणि थेंब या दोन्ही गोष्टी तुम्हाला सोडाव्या लागतील.

आधी तेलांचे पाहू. ग्राहकाला कच्चा माल मिसळायला दिला, तर दहातल्या आठ कुप्या वाईट निघतात, आणि त्यात ग्राहकाची चूक नसते. शुद्ध पाचौली (एका झाडाच्या पानांचे तेल), ऊद (अगरूच्या लाकडाचे), दालचिनी, लवंग, इलांग-इलांग (एका फुलाचे) हे पदार्थ एकमेकांच्या जोडीने कसे वागतात हे कळायला आम्हाला वर्षे लागली. फ्रान्समधील ग्रास हे गाव सुगंधाच्या धंद्याचे माहेर मानले जाते. तिथे झाँ कार्ल या सुगंधकाराने 1946 मध्ये रुर कंपनीच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली, तेव्हा विद्यार्थ्याला आधी तळाचे, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारे, दोनच पदार्थ घेऊन नवास एक, आठास दोन, सातास तीन अशा प्रमाणांत मिसळून हुंगायला लावण्याची त्याची पद्धत होती. व्यवसायाने सुगंध शिकणारा विद्यार्थी दोन पदार्थांवर दिवस घालवतो, आणि आपण शनिवारी संध्याकाळी मैत्रिणीबरोबर आलेल्या मुलीसमोर 60 बाटल्या ठेवतो, हे तिच्यावर अन्याय करणारे आहे. 60 मधून कोणतीही तीन तेले निवडण्याचे 34,220 प्रकार होतात. त्यांतले तुम्ही स्वतः किती हुंगून पाहिले असतील?

त्याऐवजी टेबलावर 14 अकॉर्ड ठेवा. अकॉर्ड म्हणजे आपण आधीच जुळवून, मुरवून, तपासून ठेवलेले मिश्रण, जे एकच वास म्हणून नाकाला कळते. 'मोगरा' असे लिहिलेल्या बाटलीत पंधरा-वीस पदार्थ असू शकतात. ग्राहकाच्या दृष्टीने तो मोगराच असतो. 14 मधून तीन निवडण्याचे 364 प्रकार होतात आणि प्रत्येकाची प्रमाणे बदलली की ते हजारांत जातात, म्हणजे 'हा फक्त माझा आहे' हे ग्राहकाचे समाधान कुठेही कमी होत नाही. माझ्याकडे तळाचे पाच आहेत: चंदन, वाळा, अंबर, पांढरी कस्तुरी आणि ऊद. मधले सहा आहेत: गुलाब, मोगरा, निशिगंध, सोनचाफा, चहा आणि मसाला. वरचे, म्हणजे आधी जाणवून लवकर उडणारे, तीन आहेत: लिंबूवर्गीय, वेलदोडा-आले आणि ओली माती. ओली माती खरे तर वरच्या थरातली नव्हे, पण लोक ती पहिल्यांदा मागतात म्हणून मी तिला तिथे बसवले आहे. कन्नौजला भाजलेल्या मातीचे ऊर्ध्वपातन करून काढतात ते मिट्टी अत्तर आणि थोडा जिऑस्मिन, म्हणजे मातीचा वास देणारे द्रव्य, एवढ्यावर ती उभी आहे. जिऑस्मिन माणसाच्या नाकाला इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतो की तो एक टक्क्याच्या द्रावणातूनही जपून घ्यावा लागतो.

हे 14 ठरवताना एक अट कसोशीने पाळावी लागते: टेबलावरची कोणतीही बाटली दुसऱ्या कोणत्याही बाटलीबरोबर नांदली पाहिजे. 14 अकॉर्डच्या 91 जोड्या होतात. प्रत्येक जोडी एकास तीन, समसमान आणि तीनास एक अशी मिसळली तर 273 नमुने होतात. ते मी प्रत्यक्ष बनवले, हुंगायच्या कागदी पट्टीवर लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी हुंगले, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पाहिले. या कामात दोन महिने गेले आणि त्यात माझे आवडते दोन अकॉर्ड बाद झाले. त्यातला एक कडुलिंबाच्या मोहोराचा होता. एकटा असताना तो अप्रतिम वाटे, पण गुलाबाशी गाठ पडली की त्याला औषधाच्या दुकानाचा वास येई. ग्राहकाला 'हे त्याच्यात घालू नका' असे सांगावे लागले की त्याच्या मोकळेपणाची गंमत संपते. म्हणून मनाई करायची ती आपण आधीच, एकट्याने, दार लावून करायची.

दुसरी अट ताकदीची आहे. ऊद, मसाला आणि निशिगंध हे आवाजी वास आहेत, तर चंदन आणि कस्तुरी हळू बोलतात. सगळे सारख्या तीव्रतेने बाटलीत ठेवले तर 'एक भाग ऊद आणि एक भाग चंदन' यात चंदन शोधून सापडणार नाही. म्हणून प्रत्येक अकॉर्ड बांधतानाच असा सौम्य किंवा गडद करून घ्यावा की त्याचा एक भाग दुसऱ्याच्या एका भागाइतकाच ऐकू येईल. माझ्या ऊद अकॉर्डमध्ये खरे वास देणारे द्रव्य जेमतेम दशांश आहे, बाकी वास नसलेला द्रावक आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते नीट झाले तर ग्राहक जे काही मिसळेल ते सहसा बिघडत नाही.

आता थेंबांचे. पाण्याचे साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर होतो, हे शाळेत शिकलेले गणित इथे उपयोगाचे नाही. अल्कोहोलचा थेंब पाण्याच्या थेंबाहून बराच लहान असतो, संत्र्याचे तेल पातळ असते, लोबानाचा अर्क मधासारखा ओघळतो. शिवाय ड्रॉपर बदलला की थेंबही बदलतो. दुकानाच्या पहिल्या वर्षी मी ग्राहकांच्या कार्डांवर 'गुलाब 12 थेंब, वाळा 7 थेंब' असे लिहून ठेवत असे. सात महिन्यांनी एक गृहस्थ रिकामी कुपी घेऊन आले, पत्नीचा वाढदिवस होता आणि त्यांना अगदी तोच सुगंध हवा होता. मधल्या काळात मी ड्रॉपर बदलले होते. मी कार्डाप्रमाणे बनवून दिले, त्यांनी हुंगले, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले की हा तिचा नाही. त्या आठवड्यात मी 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घेतला. सगळ्या नोंदी वजनात ठेवा, त्याला पर्याय नाही.

काट्याबरोबरच एक युक्ती वापरा, ती मला फार उशिरा सुचली. सर्व अकॉर्ड अल्कोहोलमध्ये 15 टक्क्यांवर पातळ करूनच टेबलावर ठेवा. मग ग्राहक कोणत्याही प्रमाणात मिसळो, तयार कुपी आपोआप 15 टक्क्यांचीच राहते. शेवटी अल्कोहोल किती घालायचे हा हिशेब उरत नाही. 30 मिलिलिटरच्या कुपीत साधारण 25 ग्रॅम द्रव बसतो, त्यात 3.75 ग्रॅम सुगंध-द्रव्य येते. दुसरा फायदा मुरण्याचा आहे. सुगंध-द्रव्य आणि अल्कोहोल यांची एकमेकांशी हळूहळू अभिक्रिया होते, अल्डिहाइड या तीव्र वासाच्या द्रव्यांचा बोचरेपणा ओसरतो, कडा गोल होतात. याला दोन ते चार आठवडे लागतात. अर्ध्या तासात कुपी देण्याच्या तुमच्या बेतातली खरी अडचण ही होती. अकॉर्ड आधीच महिनाभर अल्कोहोलमध्ये मुरलेले असतील तर बरेचसे काम झालेले असते, तरीही ग्राहकाला मी सांगतो की कुपी दहा दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा आणि मग वापरा. निम्मे लोक ऐकत नाहीत, आणि ते समजण्यासारखे आहे.

सुरक्षिततेचे गणितही याच 15 टक्क्यांवर बसवता येते. 'इफ्रा' ही सुगंध उद्योगाची 1973 मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संघटना कोणता पदार्थ कोणत्या प्रकारच्या उत्पादनात किती टक्क्यांपर्यंत वापरावा याची मानके प्रसिद्ध करते. नेहमीचे उदाहरण बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाचे आहे. सालीतून दाबून काढलेल्या बर्गामोट तेलात बर्गाप्टेन हे द्रव्य असते आणि ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग राहतात, म्हणून त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात या तेलाची मर्यादा 0.4 टक्के आहे. 25 ग्रॅमच्या कुपीत ती 0.1 ग्रॅम होते, म्हणजे चार-पाच थेंब! तुमच्या मूळ बेतात एखाद्या लिंबूप्रेमी ग्राहकाने 30 थेंब घातले असते आणि कोणालाही कळले नसते. याउलट, अकॉर्ड बांधताना असे समजायचे की एखादा हटवादी ग्राहक पूर्ण कुपी त्याच एका अकॉर्डने भरणार आहे. मग 15 टक्क्यांच्या हिशेबाने मूळ लिंबूवर्गीय मिश्रणात साधा बर्गामोट अडीच टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये, एवढे एकदाच ठरवले की पुढे कोणी काहीही मिसळो, मर्यादा ओलांडली जात नाही. मी तर बर्गाप्टेन काढून टाकलेलेच तेल वापरतो. दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतले युजेनॉल हे ॲलर्जी उत्पन्न करू शकणारे पदार्थ आहेत, त्यांनाही हाच नियम लावा. पुरवठादाराकडून प्रत्येक द्रव्याचे इफ्रा प्रमाणपत्र मागा. जो देत नाही त्याच्याकडून माल घेऊ नका. फुलांच्या जुन्या तयार मिश्रणांत लिलिअल हा पदार्थ सर्रास असे. युरोपीय संघाने मार्च 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याच्यावर बंदी घातली आहे, त्यामुळे स्वस्तात मिळणारा जुना साठा विशेष तपासून घ्या.

कन्नौजच्या अत्तरांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुम्ही 'सगळे अस्सल अत्तरच ठेवायचे' असे म्हटले आहे. तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या भांड्यात, फुले आणि पाणी, तोंड मातीने बंद, बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, वाफ खाली भपक्यात, म्हणजे ती जमा होते त्या भांड्यात, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल, अशी ती जुनी पद्धत आहे. कन्नौजच्या अत्तराला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ही विद्या थोर आहे आणि त्यातले रूह-खस, म्हणजे वाळ्याचे तांब्यात काढलेले हिरवट तेल, माझ्या वाळा अकॉर्डचा प्राण आहे. पण चंदन महागल्यापासून भपक्यात चंदनाऐवजी दुसराच द्रावक असण्याची शक्यता मोठी असते, आणि बाजारात 'अत्तर' म्हणून जे मिळते त्यात पुष्कळदा लिक्विड पॅराफिन असते. कानात फाया ठेवायला ते चालते. अल्कोहोलमध्ये ते विरघळत नाही. एका व्यापाऱ्याकडून घेतलेले मोगऱ्याचे अत्तर मी खात्री न करता अकॉर्डमध्ये घातले, आणि संक्रांतीच्या थंडीत माझ्या 40 कुप्या ताकासारख्या गढूळ होऊन तळाशी तेल साचले. तेव्हापासून नवे अत्तर आले की त्याचा एक भाग नऊ भाग अल्कोहोलमध्ये घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. सकाळी स्वच्छ दिसले तरच ते आत येते. आणि किमतीचेही भान ठेवा. 1 किलो गुलाब तेलाला साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात, त्यामुळे ग्राहकाच्या टेबलावर निव्वळ अस्सल गुलाब ठेवणे परवडणारे नाही. अकॉर्डमध्ये थोडे अस्सल आणि बाकी प्रयोगशाळेतले, हे उघडपणे सांगा. विचारल्यावर खरे सांगितले म्हणून माझे गिऱ्हाईक तुटलेले नाही.

रंगाविषयी तक्रार येईल, म्हणून आधीच सांगून ठेवा. व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारे द्रव्य) असलेला अंबर अकॉर्ड महिन्याभरात तपकिरी होतो. पांढऱ्या फुलांत इंडोल आणि मेथिल अँथ्रानिलेट ही द्रव्ये असतात, त्यांच्यामुळे द्रव पिवळा, नारिंगी, कधी तांबूस होतो. यात माल खराब होत नाही, मात्र पांढऱ्या कपड्यावर फवारू नये असे लेबलवर लिहा.

टेबलावर ग्राहकाला कसे बसवायचे, यात दुकानाचे यश-अपयश आहे. माझा क्रम असा असतो की आधी पाच मिनिटे बाटली उघडायचीच नाही. 'तुम्हाला कोणता वास आवडतो' हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याला सगळे 'फ्रेश' असे उत्तर देतात. त्याऐवजी कोणता वास सहन होत नाही ते विचारा; आणि घरातल्या, लहानपणीच्या वासाविषयी विचारा. कोणी आजीच्या ट्रंकेतल्या सुकलेल्या बकुळीच्या माळेविषयी सांगते, कोणी शाळेच्या वाटेवरच्या तुरीच्या शेताविषयी, एका निवृत्त एसटी चालकांनी पहाटेच्या डेपोतल्या चहाविषयी सांगितले होते. (त्यांना चहा, वेलदोडा आणि वाळा असे बांधून दिले, डिझेल हवे का असे मी विचारले, तर ते मनापासून हसले.) या बोलण्यातून 14 मधले आठ तरी आपोआप बाजूला पडतात आणि उरलेले सहाच नाकाखाली जातात. सहाच्या पुढे नाक थकते. मधे हुंगायला कॉफीच्या बिया ठेवण्याची फॅशन आहे, पण प्रयोगात त्या साध्या हवेपेक्षा अधिक काही करताना दिसलेल्या नाहीत. दाराबाहेर दोन मिनिटे उभे राहावे किंवा स्वतःच्या कोपराच्या खोबणीत हुंगावे, एवढे पुरते.

मग तळापासून सुरुवात. तळाचा एक अकॉर्ड निवडून त्याच्याशी मधला जुळवायचा, आणि वरचा अगदी शेवटी. लोकांना उलटे करायचे असते, कारण लिंबू पहिल्या क्षणी मोहवते. पण ते वीस मिनिटांत उडून जाते आणि घरी जाईपर्यंत कुपीत नको असलेले काहीतरी उरते. पहिला नमुना 2 ग्रॅमचाच करावा, पट्टीवर दहा मिनिटे थांबावे, मग मनगटावर. कागद आणि कातडी यांत फरक पडतो, आणि एप्रिलच्या दुपारी तो आणखी पडतो. कस्तुरीच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा: काही माणसांना विशिष्ट कृत्रिम कस्तुरीचा वासच येत नाही, मग ते 'यात काहीच नाही' म्हणून भागावर भाग ओतत राहतात आणि शेजारी उभ्या असलेल्या बहिणीला गुदमरायला होते. माझ्या कस्तुरी अकॉर्डमध्ये म्हणूनच तीन वेगळ्या कस्तुरी आहेत. दुरुस्तीचे दोन नमुने झाले की थांबवायचे. तिसऱ्यानंतर माणूस गोंधळतो आणि पहिल्याकडेच परत येतो. या सगळ्याला पाऊण ते एक तास लागतो. अर्धा तास विसरा, आणि वेळ आधी ठरवून एका वेळी चारच माणसे घ्या.

परवान्यांचा भाग टाळता येणारा नाही. अंगाला लावायचा सुगंध हा 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली सौंदर्यप्रसाधन ठरतो आणि विक्रीसाठी त्याचे उत्पादन करायला 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे जावे लागते. 'मिसळतो ग्राहक, आम्ही फक्त जागा देतो' ही पळवाट काढू नका. अकॉर्ड परवानाधारक उत्पादकाकडे बांधून घेण्याचाही मार्ग असतो, आणि तुमच्या मांडणीला नेमके काय लागू होते ते प्रशासनाला लेखी विचारून घ्या. अल्कोहोलची बाब राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जाते. औद्योगिक अल्कोहोलचे नियमन राज्यांच्या अखत्यारीत येते असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ऑक्टोबर 2024 मध्ये बहुमताने दिला आहे, त्यामुळे त्या विभागाची परवानगी आणि साठ्याची नोंदवही यांत हयगय चालणार नाही. रंगाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट कधीही वापरू नका, त्यात मिथेनॉल असू शकते. आणि शुद्ध अल्कोहोलची वाफ 13 अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते, म्हणजे नाशिकच्या हिवाळ्यातल्या दुपारीसुद्धा. टेबलावर एका वेळी अर्धा लिटरपेक्षा जास्त नको, बाकी साठा मागे लोखंडी कपाटात ठेवा, आणि सकाळी दुकान उघडताना देवापुढे दिवा-उदबत्ती लावण्याची आपली सवय आहे ती इथे सोडून फुले वाहावीत. उदबत्तीने दिवसभराचे नाकही बिघडते, हे वेगळेच.

दराविषयी. 30 मिलिलिटरच्या कुपीत माल किती रुपयांचा गेला यावर दर ठरवलात तर बुडाल, कारण खरा खर्च त्या तासाभराचा, वाया गेलेल्या नमुन्यांचा आणि अकॉर्ड बांधण्यात गेलेल्या महिन्यांचा असतो. बैठकीचा दर वेगळा आणि कुपीचा वेगळा लावा. दुसऱ्यांदा येणाऱ्याला फक्त कुपीचे पैसे पडावेत, कारण त्याचे कार्ड आपल्याकडे आहे आणि ती कुपी बनवायला आपल्याला सहा मिनिटे लागतात. ग्रासमधील गालिमार या 1747 पासूनच्या सुगंधगृहात पर्यटकांकडून असाच सुगंध बनवून घेतात आणि सूत्र जपून ठेवतात, म्हणजे पुन्हा मागवता येते. धंद्याचे गणित तिथेही या पुन्हा येण्यावरच बसते. माझ्याकडे कार्डावर क्रमांक, तारीख, प्रत्येक अकॉर्डचे वजन आणि त्या अकॉर्डचा घाणा क्रमांक असतो (घाणा म्हणजे एका वेळी बनवलेला माल). घाणा बदलला की वास किंचित बदलतो, म्हणून प्रत्येक घाण्यातले 20 ग्रॅम मी फ्रिजमध्ये राखून ठेवतो आणि नवा घाणा त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय टेबलावर येऊ देत नाही.

गाळ्याची अनामत भरण्याआधी घरीच सहा अकॉर्ड बांधा, त्यांच्या 15 जोड्या तपासा आणि ओळखीच्या दहा माणसांना स्वयंपाकघरापासून दूर, गॅलरीजवळ बसवून एकेक बैठक करून पाहा. त्यांच्याकडून पैसे घेऊ नका, पण दीड महिन्याने त्या दहांपैकी कितीजणांच्या कुप्या अर्ध्याहून जास्त रिकाम्या झाल्या आहेत हे जाऊन बघा. माझ्या वेळी तीन निघाल्या होत्या, आणि त्या तिघांचीही कार्डे आज दुकानात आहेत.